सिंहगड चढताना लागणारा दम : वयाचा किती, वजनाचा किती?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब इतरांनाही समजेल. वय ५४, उंची १६८ सेंमी, वजन ८८ किलो. तिशीत वजन ६८ होतं आणि पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड तासाभरात व्हायचा. आता दीड तास लागतो, तोही तीन-चारदा थांबून. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते प्रमाण, ६० टक्के, पण खाली ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय सैल पडून रक्त भरण्यात थोडा दोष) असं लिहिलंय. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत, ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’ (फुप्फुसांत हवा थोडी कमी मावते असा शेरा). हे वयामुळे की वजनामुळे आणि यातलं परत किती मिळेल, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर : जवळपास निम्मं-निम्मं. वजनाचा वाटा बराचसा परत मिळतो, वयाचा थोडा. फुप्फुसांचा दोष यात बहुधा सगळ्यात कमी आहे.

पण हे सगळं एका अटीवर. चढताना छातीत आवळल्यासारखं होऊन थांबल्यावर बरं वाटत असेल, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जात असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, रात्री आडवं पडल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज येत असेल, किंवा हा फरक गेल्या काही आठवड्यांतच पडला असेल, तर हिशेब बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. वय आणि वजन वर्षानुवर्षं हळूहळू दम वाढवतात, महिन्याभरात नाही. मधुमेह असेल तर छातीत न दुखता नुसता दम लागणं हेच एकमेव लक्षण असू शकतं. आणि सगळ्यांत स्वस्त तपासण्या विसरू नका : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. हिमोग्लोबिन १४ वरून ११ वर आलं असेल तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता पाचव्या हिश्शाने घटते. वयाला किंवा वजनाला दोष देण्याआधी हे बघायलाच हवं.

आता हिशेब. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ती तुमची क्षमता, म्हणजेच व्हीओटू मॅक्स. बैठं काम करणाऱ्या माणसात ती पंचविशी-तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १० टक्के घटते. नियमित कस लागणारा व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत घट सुमारे निम्मी असते, म्हणजे या १० टक्क्यांतही सगळा दोष वयाचा नाही. तुमच्यासारख्या बांध्याच्या माणसात तिशीत ही क्षमता मिनिटाला ३१०० मिली धरू. २४ वर्षांत सुमारे २० टक्के गेली की उरली २५०० मिली. नेमका आकडा स्ट्रेस टेस्टवरून (ट्रेडमिलवर चालवून केलेल्या हृदयाच्या तपासणीवरून) काढा, पण प्रमाण कळायला एवढं पुरे.

चढावर मात्र एकूण मिलीपेक्षा दर किलोमागे किती मिळतात हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक किलो वर उचलायचा असतो. तिशीत ३१०० भागिले ६८, म्हणजे सुमारे ४५.६. वजन ६८ च राहिलं असतं तर आज २५०० भागिले ६८, म्हणजे ३६.८. प्रत्यक्षात २५०० भागिले ८८, म्हणजे २८.४. एकूण घट १७.२, त्यातली ८.८ वयाची आणि ८.४ वजनाची. चरबीच्या पेशी चढताना फारसं काम करत नाहीत, त्यामुळे वाढलेले २० किलो क्षमतेत जवळजवळ काही भर घालत नाहीत, भागाकारात मात्र पूर्ण येतात.

हे सिंहगडाला लावून बघू. आतकरवाडीची वाट साधारण २.७ किलोमीटर आणि चढाई ६०० मीटरच्या आसपास. ट्रेडमिलवरच्या चढाचं नेहमीचं सूत्र या वाटेला लावलं तर दर किलोमागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन असा येतो : १३५० भागिले लागलेली मिनिटं, अधिक ३.५. दगडगोट्यांच्या वाटेवर थोडा जास्तच लागतो. एक तासात चढायला २६ लागतात, दीड तासात १८.५, शंभर मिनिटांत १७.

व्यायामाची फार सवय नसलेल्या माणसाला क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत न थांबता चालता येतं. त्यापुढे रक्तात लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंतून येणारा पदार्थ) साचायला लागतं, ते निस्तरायला श्वास जोरात वाढतो आणि थांबावंच लागतं. तिशीत ४५.६ चे ६० टक्के म्हणजे २७, म्हणून तासाभरात गड सहज व्हायचा. आज २८.४ चे ६० टक्के म्हणजे १७. न थांबता चढायची तुमची आजची वेळ शंभर मिनिटं आहे आणि तुम्ही नव्वद मिनिटांच्या वेगानं चालताय. तीन-चारदा थांबावं लागतं ते या दहा मिनिटांच्या फरकामुळे. पुढच्या वेळी फक्त वेग तेवढा कमी करून बघा.

सपाटीवर हेच चित्र वेगळं दिसतं. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत पुरुषांसाठी वापरलं जाणारं एक सूत्र असं : ७.५७ गुणिले उंची सेंमीत, वजा ५.०२ गुणिले वय, वजा १.७६ गुणिले वजन किलोत, वजा ३०९. तुमचं अपेक्षित अंतर ५३७ मीटर येतं. सूत्र अमेरिकी लोकांवरून काढलेलं असल्याने आपल्याकडे अंतर बरेचदा कमी भरतं, पण त्यातलं प्रमाण बघा : दहा वर्षांना ५० मीटर, दहा किलोंना जेमतेम १८. ‘बागेत पाच फेऱ्या होतात, मग गडावरच काय होतं?’ असं अनेकांना वाटतं, त्याचं कारण हेच. सपाटीवर वजन फारसं जाणवत नाही.

वयाने हृदयात नेमकं काय होतं? पहिलं, कमाल ठोके कमी होतात. २०८ वजा ०.७ गुणिले वय या सूत्राने तिशीत १८७, आज १७०. ‘२२० वजा वय’ने १६६ येतात. दोन्ही सूत्रांचा अंदाज माणसागणिक १० ठोक्यांनी सहज चुकतो, त्यामुळे घड्याळात १७२ दिसले म्हणून घाबरू नका. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं सोडून द्या. व्यायामाने हे कमाल ठोके वाढत नाहीत. दुसरं, मोठ्या रक्तवाहिन्या ताठ होतात, वरचं बीपी चढतं आणि हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. तिसरं, हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचनानंतर सैल पडायला वेळ घेतो. त्यामुळे रक्त भरण्याचा सुरुवातीचा जोर कमी होतो आणि शेवटचा भाग वरच्या कप्प्याच्या आकुंचनावर अवलंबून राहतो. इकोवरचं ‘ग्रेड १’ ते हेच. पन्नाशी-साठीनंतर हा शेरा इतका सर्रास असतो की एकट्याने त्याला फार अर्थ नाही. त्याच कागदावर ई बाय ई-प्राइमचा (रक्त भरण्याचा वेग भागिले भिंतीच्या हालचालीचा वेग) आकडा शोधा : १४ च्या वर असेल तर आतला दाब वाढलेला असू शकतो. डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, तेही विचारा. आणि इजेक्शन फ्रॅक्शन ६० आहे यावरून चढावर काय होईल हे कळत नाही, ते विश्रांतीतलं मोजमाप आहे.

वजन याच जागी दुसऱ्या बाजूने दाब आणतं. जास्त शरीराला जास्त रक्त पुरवायचं, म्हणून रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, हृदय बसल्या जागीही जास्त रक्त फेकतं, वर्षानुवर्षं हे चाललं की भिंती जाड होतात आणि वरचा कप्पा फुगतो. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, मानेचा घेर ४० सेंमीच्या वर आणि दिवसा पेंग, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रात्रभर ऑक्सिजन खालीवर होत असेल तर बीपी गोळ्यांनीही नीट बसत नाही. एक किलो कमी झाला की वरचं बीपी सरासरी एका अंकाने उतरतं.

फुप्फुसांकडे येऊ. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा (एफईव्ही-वन) वयाबरोबर दरवर्षी २५ ते ३० मिलीने घटते, म्हणजे २४ वर्षांत सहाशे-सातशे मिली. सिगारेट असेल तर घट आणखी वेगाने होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशेब करा. तुमचा हा आकडा २.७ लिटर धरला, तर मिनिटाला जास्तीत जास्त हवा सुमारे त्याच्या ४० पट, म्हणजे १०८ लिटर. गड चढताना लागते पन्नास-साठ. फुप्फुसांकडे पुरेसं शिल्लक आहे, अडतं ते रक्त पोचवण्यात आणि स्नायूंनी ते वापरण्यात.

पोटाची चरबी मात्र श्वासाची जागा खाते. ती छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलते, त्यामुळे नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर उरणारी राखीव हवा घटते. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या आसपास हा राखीव भाग बीएमआय २० असणाऱ्याच्या निम्म्याहून खाली येतो आणि तुमचा बीएमआय ३१ आहे. फुप्फुसांच्या तळातल्या बारीक नळ्या मग लवकर मिटतात, आडवं पडल्यावर जास्तच. तोच श्वास घ्यायला स्नायूंना जास्त कष्ट पडतात.

‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’ हे शब्द बहुतेक वेळा मशीन छापतं. अपेक्षित आकडा उंची, वय आणि लिंग यांवरून निघतो, वजन त्यात धरलेलंच नसतं. त्यामुळे जाड माणसाची एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर बाहेर येणारी एकूण हवा, टक्केवारीत कमी दिसते. एफईव्ही-वन आणि एफव्हीसी दोन्ही थोडे कमी, पण त्यांचं गुणोत्तर चांगलं, असं चित्र असेल तर संशय आधी वजनावर किंवा अपुऱ्या फुंकण्यावर घ्या. उंची चपला काढून मोजली होती का, फुंकणं सहा सेकंद टिकलं होतं का, चांगल्या तीन प्रयत्नांतले वरचे दोन १५० मिलीच्या आत जुळले का, मशीनमध्ये अपेक्षित आकड्यासाठी युरोपीय लोकांची मापं लावली होती का, हे विचारा. खरोखरचं रिस्ट्रिक्शन ठरवायला फुप्फुसांची एकूण क्षमता मोजावी लागते, साध्या फुंकण्याने ते ठरत नाही. कोरडा खोकला असेल, बोटांची टोकं फुगली असतील किंवा चढल्यावर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९० च्या खाली जात असेल, तर मात्र वजनावर ढकलू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

परत काय मिळेल? १० किलो कमी करून ७८ वर आलात तर २५०० भागिले ७८ म्हणजे ३२. तीन-चार महिन्यांच्या नियमित व्यायामाने क्षमता १०-१५ टक्के वाढणं शक्य असतं. ती २८०० झाली तर ३५.९, म्हणजे ६८ किलोंवर राहिला असतात तर आज जे असतं, जवळजवळ तेच. न थांबता गड पंचाहत्तर मिनिटांत.

सुरुवात स्ट्रेस टेस्टने करा. ती नॉर्मल आली तर आठवड्यात पाच दिवस ४० मिनिटं झपझप चाला. विश्रांतीचे ठोके ७६ असतील तर १७० मधून ते वजा करा, ९४ उरतात. त्यांचे ५० ते ६० टक्के ७६ मध्ये मिळवले की १२३ ते १३२ ही तुमची चाल. वाक्य पूर्ण बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. सहा आठवड्यांनी त्यातला एक दिवस चढाचा करा : चार मिनिटं जोरात, ठोके १४५ ते १५५, मग तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवाच : खुर्चीतून उठबस, पायरीवर चढउतार, हातात वजन. उपाशी राहून झटपट उतरवलेल्या वजनात सुमारे चौथाई वाटा स्नायूंसारख्या कामाच्या भागाचा असतो, म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोवर जाऊ नका आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी, पनीर किंवा मासे यांतलं काहीतरी ठेवा. काट्यापेक्षा कंबर बघा, आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंमी ही मर्यादा धरतात.

गडावर जाताना गाडीतून उतरून थेट चढाला लागू नका. वयाबरोबर ऑक्सिजन पोचवण्याची यंत्रणा वेग घ्यायला वेळ लावते, पहिली दहा-पंधरा मिनिटं मुद्दाम संथ ठेवा. पाठीवरची पिशवी वजनातच मोजा. वर पोचल्यावर लगेच बसू नका, दोन-तीन मिनिटं फिरत राहा, नाहीतर रक्त पायांत साचून चक्कर येते. तहान वयाबरोबर उशिरा लागते, तेव्हा तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी घोट-दोन घोट पाणी घ्या. पिठलं-भाकरी आणि दही खाल्लंत तर उतरायला अर्धा-पाऊण तास थांबा. वेळ, वजन, कंबर आणि पोचल्यावर एक मिनिटाने ठोके किती उतरले, एवढं वहीत लिहून ठेवा. एका मिनिटात १२ पेक्षा कमी उतरत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाच आकडा दाखवा.