संत्र्याच्या सालीचा अर्क अन् १४ मिमीचा झोन

प्रश्न: सर, मी नागपूरला एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्टसाठी संत्रा मार्केटमधून साली आणल्या, वाळवून मिक्सरमधून काढल्या अन् इथेनॉलमध्ये अर्क केला. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या प्लेटवर १४ मिमीचा झोन (जंतू न वाढलेला स्वच्छ गोल) आला पण ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर काहीच नाही. माझं काही चुकलं का? आणि आजीला शुगर आहे, तिच्या पायाच्या जखमेला हाच अर्क लावून बघू असं बाबा म्हणतात.

उत्तर: आधी आजीचं. नको लावू बेटा, अजिबात नको. झोन तर फिनाईलचाही येतो, ते आपण जखमेवर ओततो का? शुगरवाल्याच्या पायाची जखम डॉक्टरलाच दाखवायची, अन् तेही आजच.

आता तुझे १४ मिमी. त्याच प्लेटवर नुसत्या इथेनॉलची एक वेल, म्हणजे अगारच्या जेलीत पाडलेलं भोक, होती का? तू लिहिलं नाहीस म्हणजे नसावी, बहुतेक पोरं हेच विसरतात, अन् अल्कोहोल तर स्वतःच जंतू मारतं. मीपण विसरलो होतो, कडुनिंबाचा झोन बघून लॅबभर पेढे वाटले, मग गाईडनी नुसतं इथेनॉल टाकायला लावलं तर झोन जवळपास तेवढाच, पेढे गेले ते गेलेच. म्हणून इथेनॉल पूर्ण उडू दे, खाली राहिलेला चिकट गोळा थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळव, अन् शेजारी तुलनेला नुसत्या डीएमएसओची एक वेल आणि एक अँटिबायोटिक डिस्क ठेव. जंतूंचं सस्पेन्शन मॅकफारलँड ०.५ या गढूळपणाच्या मापाला जुळव, म्हणजे मिलीलिटरला साधारण १५ कोटी जंतू, पातळ झालं की झोन उगाच मोठा दिसतो.

ई. कोलायवर काही आलं नाही ही तुझी चूक नाही गं. तो ग्राम निगेटिव्ह, त्याला बाहेरून आणखी एक पडदा असतो, वनस्पतीतले बरेच पदार्थ तिथेच अडतात. शिवाय सालीतलं लिमोनीन तेलकट, ते ओल्या अगारमध्ये नीट पसरतच नाही, त्यामुळे झोन छोटा म्हणजे अर्क कमजोर असंही नाही. खरं बघायचं तर ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रवात) एमआयसी काढ, म्हणजे अर्काच्या किती कमी प्रमाणात जंतूंची वाढ थांबते ते, तीनदा तरी.

प्लेटा बेसिनमध्ये धुवू नको, आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक, १२१ डिग्रीला. अन् एक राहिलंच, साली नीट धुतल्या होत्या ना? मार्केटातल्या संत्र्यांवर कधीकधी वॅक्स चढवलेलं असतं, तेही तुझ्या अर्कात उतरलं असेल.