रोडबाईक, हायब्रीड की अप्पांची काळी सायकल?

साताऱ्याच्या मंगळवार पेठेतनं एका वाचकाचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. वय 43, एमआयडीसीत नोकरी, हातात 38,000 येतात, घराचा हप्ता 9,200, मुलगी दहावीला. कामावर जायला एका बाजूनं सात किलोमीटर, सध्या स्कूटर. कंपनीतले चौघं-पाचजण रविवारी रोडबाईकवर, म्हणजे वाकून चालवायच्या बारीक टायरच्या सायकलवर, कासला जातात, तसलीच 42,000 ची घ्यायचं डोक्यात आहे, एक तर बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर नाहीतर मेमध्ये 48,000 ची आरडी सुटतेय त्यातनं. मिसेसचं म्हणणं 17,000 ची हायब्रीड, म्हणजे सरळ बसून चालवायची गिअरवाली, बास झाली, मेव्हणा म्हणतोय बॅटरीवाली घ्या 32,000 ची, आणि जिन्याखाली वडलांची, म्हणजे अप्पांची, काळी सायकल पडून आहे. कंबर अधनंमधनं धरते असंही शेवटी हळूच लिहिलंय, खरं तर ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

दादा, पहिलं आरडीचं बोलू. तिला हात लावायचा नाही. जूनमध्ये अकरावीची ॲडमिशन, क्लास लावायचा म्हणला तर ते 48,000 कधी संपले कळणार पण नाही. आणि मेमध्ये सायकल घेणं हे तसंही उलटंच, साताऱ्यात जून ते सप्टेंबर तुम्ही रेनकोट घालून सात किलोमीटर सायकल मारणार आहात का? नाही मारणार. म्हणजे नवीकोरी सायकल पहिले चार महिने घरात उभी आणि पैसे मात्र गेलेले.

ईएमआयचं पण तसंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व बँकेनं 2013 मध्येच बँकांना सांगितलंय. प्रोसेसिंग फी, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय रोखीत जी सूट मिळाली असती ती गेली, हे सगळं धरून बघा. आणि तुम्ही पाठवलेलं कोटेशन जुलै 2025 चं आहे हो! सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 चा 5 टक्के झालाय. 42,000 मध्ये मूळ किंमत 37,500, म्हणजे आता तीच सायकल 39,375 ला बसायला पाहिजे, दुकानदार जुनाच आकडा सांगत असेल तर बिल फोडून मागा.

आता "पेट्रोल वाचेल" हा हिशोब. रोज 14 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस, म्हणजे 336. स्कूटर 45 चं ॲव्हरेज देते म्हणताय, तर साडेसात लिटर, लिटर 105 नं धरा, 780 रुपये झाले. पावसाचे चार महिने सोडा, राहिलेल्या आठ महिन्यांत आठवड्याचे सहाच्या सहा दिवस कोणी जात नाही, चार धरू. वर्षाला साधारण 4,100-4,200 वाचतात. या चालीनं 42,000 ची सायकल वसूल व्हायला दहा वर्षं, 17,000 ची चार वर्षं. तब्येतीचा फायदा वेगळा, तो मी रुपयात धरत नाही पण तो तिन्ही सायकलींत सारखाच आहे, किंबहुना जी जास्त चालवाल तिच्यात जास्त.

मग जादा 25,000 देऊन मिळतं काय, तर स्पीड. सपाट मोकळ्या रस्त्यावर तुमच्या-माझ्यासारखा माणूस काळ्या सायकलवर ताशी 14-15 नं जातो, हायब्रीडवर 18-20, रोडबाईकवर 24 पर्यंत. सात किलोमीटरला 28, 23 आणि साडेसतरा मिनिटं. ताशी 20 च्या पुढं बहुतेक जोर वाऱ्यातच जातो, तिथं वाकून बसणं आणि बारीक टायर उपयोगी पडतात हे खरंय. पण तुमचा रस्ता काय आहे? राजवाड्यावरनं पोवई नाक्याला उतरायचं, तिथनं बॉम्बे रेस्टॉरंट, मग हायवेपलीकडं. गर्दी, रिक्षा, स्पीडब्रेकर. सकाळी तर उतारच आहे, कुठलीही सायकल पळते. खरी परीक्षा संध्याकाळी, शिफ्ट संपवून दमून आलेला माणूस आणि पोवई नाक्यापासनं वर घरापर्यंत चढ.

आणि चढावर हवा नाही, वजन नडतं. तुमचं 76 किलो, रोडबाईक 10, हायब्रीड 14 धरा. म्हणजे 86 विरुद्ध 90, फरक पाच टक्क्यांच्या आत. जो चढ हायब्रीडवर बारा मिनिटांत होईल तो रोडबाईकवर साडेअकरा. अर्ध्या मिनिटाला 25,000 रुपये, बघा पटतंय का. चढ सोपा करतात ते गिअर, आणि हायब्रीडला पुढं 28 दात्यांची, मागं 28 दात्यांची चकती मिळते, म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक एकदाच फिरणार, गुडघ्याला त्रास नाही. रोडबाईकचा सगळ्यात हलका गिअर पण सहसा याच्यापेक्षा जडच असतो. वर ती 80-100 पीएसआयची कडक हवा, प्रत्येक खड्डा मनगटापासनं कमरेपर्यंत जाणार, आणि तिचा बारीक वॉल्व्ह असा की कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसतच नाही.

जाड टायरची, डबल शॉकअपवाली तर विषयच काढू नका. मी स्वतः एकदा बोनसच्या पैशात घेतली होती, दिसायला काय एकदम भारी! यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच रविवारी पायडलवर उभा राहिलो तर सायकल पुढं जायच्या ऐवजी नुसती खालीवर डोलायला लागली, सगळी ताकद स्प्रिंगमध्ये. अर्धा घाट हातात धरून चढवली. 21,000 ची घेतलेली दीड वर्षानं 7,000 ला गेली आणि घेणाऱ्यानं वर हेल्मेट पण मागून घेतलं.

मेव्हण्याचं बॅटरीवालीचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाहीये. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 च्या आत स्पीड असली की लायसन नको, पासिंग नको, आणि संध्याकाळच्या त्या चढाला तिच्यासारखं सुख नाही. कंबर वारंवार धरत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग हिचाच विचार करा. फक्त तीन-चार वर्षांनी बॅटरीचा मोठा खर्च येतो तो आजच धरून चाला, आणि चार्जिंग संपलं की वीसएक किलोचं धूड एकट्याच्या पायावर.

तर माझं मत असं की ऑक्टोबरपर्यंत काहीच घ्यायचं नाही. आत्तापासनं महिन्याला 2,000 बाजूला टाका, दिवाळी बोनस येईपर्यंत हायब्रीड रोखीत येईल, हेल्मेट आणि मागच्या लाईटसकट. तोपर्यंत अप्पांची सायकल बाहेर काढा. ओव्हरहॉलिंग, छर्रे, चाकांचं आऊट काढणं, ब्रेक रबर, दोन टायर-ट्यूब, सगळं मिळून दोन-अडीच हजारात बसेल. पार्टची काळजी नको, ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनाला, पण काळ्या सायकलीचे पार्ट सगळे एकाच मापाचे, कुठल्याही कंपनीचे चालतात. आणि एक काम नक्की करा, मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, 18 दात्यांचं असेल तर 22 चं बसवून घ्या, चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतील एवढंच. चढावर जोर जवळजवळ 18 टक्के कमी लागतो आणि खर्च तीन-चारशे.

मे अखेरपर्यंत किती दिवस गेलात ते कॅलेंडरवर टिक करा. तीस-चाळीस दिवस झाले तर हायब्रीड घ्या आणि मला विचारू पण नका. दहाच झाले तर तुमचे 17,000 पण वाचले. रविवारच्या कासचं म्हणाल तर पहिल्यांदा त्या पोरांपैकी कुणाची तरी सायकल एक रविवार मागून बघा, जवळजवळ पाचशे मीटरचा चढ आहे.

आणि अप्पांची चेन दुकानात न्यायच्या आधी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, गंज सुटला तर नवीन चेनचे पैसे वाचतील.