घरट्यातली मोठी पिल्लं धाकट्याला मारतात तेव्हा आईबाप मधे का पडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की सोसायटीतल्या झाडावर बगळ्यांची पिल्लं धाकट्याला टोचत होती आणि आई शेजारीच ढिम्म उभी होती, असं का. आमच्या ऐरोलीत पण पावसाळ्यात रेन ट्रीवर गायबगळे घरटी करतात आणि चौथ्या मजल्यावरून सगळं दिसतं, धाकटं मान वर काढतं की टोच, परत काढतं की परत टोच, शेवटी ते कडेला मान खाली घालून पडून राहतं, बघवत नाही खरंच.

पण आई निर्दय वगैरे नाही हो. गायबगळी एक-दोन दिवसांच्या गॅपने अंडी घालते आणि सगळी घालून व्हायची वाट न बघता आधीच उबवायला बसते, म्हणून पिल्लं पुढेमागे बाहेर येतात आणि तिसरं जन्मतःच लहान राहतं. त्यात आधीच्या अंड्यांच्या बलकात भांडखोरपणा वाढवणारे हार्मोन्स जास्त असतात हे १९९७ च्या एका संशोधनात सापडलं, म्हणजे सेटिंग आईकडूनच! खाणं भरपूर मिळालं तर तिन्ही जगतात, मोठं एखादं दगावलं तर धाकटं त्याची जागा घेतं, आणि टंचाई असेल तर धाकटं जातं पण बाकीची दोन तरी धड वाढतात.

सगळे पक्षी असेच नसतात बरं का, गव्हाणी घुबडाची पिल्लं आईबाप यायच्या आधीच आवाज काढून कोणाला जास्त भूक लागलीय ते एकमेकांना कळवतात आणि कमी भुकेलं चक्क माघार घेतं.

आणि प्लीज, धाकट्याला उचलून घरी आणू नका.