वर्गसमीकरणं अडतात म्हणून डिप्लोमा सोडायचा का?

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. घरातलं वायरिंग, शेतातल्या मोटारीचा स्टार्टर स्वतः खोलून दुरुस्त करतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा म्हणतो. पण सहामाहीत वर्गसमीकरणांचे बहुतेक गुण गेले. क्लासचे सर म्हणतात, नुसतं सूत्र पाठ कर. डिप्लोमाचा नाद सोडून त्याला आर्ट्सला घालावं का? वहीची पानं सोबत पाठवते आहे.
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, वहीची पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसत्या गुणांवरून मला काहीच कळलं नसतं.

क्ष² − २क्ष − १५ = ० हे गणित बघा. −१५ चे अवयव त्याने −५ आणि ३ असे अचूक पाडलेत. (क्ष − ५)(क्ष + ३) = ० इथपर्यंत सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत मात्र क्ष = −५ किंवा ३ लिहिलंय. कंसातलं चिन्ह तसंच खाली उतरवलं; हवं होतं ५ किंवा −३. −५ हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघितलं असतं, तर २५ + १० − १५ म्हणजे २० आले असते, शून्य नव्हे; चूक तिथल्या तिथे सापडली असती. दुसरीकडे क्ष² = ७क्ष ला दोन्ही बाजूंना क्ष ने भागून त्याने फक्त ७ लिहिलंय. क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. सगळं एका बाजूला घेतलं की क्ष(क्ष − ७) = ० मिळतं आणि ०, ७ ही दोन्ही मुळं, म्हणजे उत्तरं, हाती येतात.

या मुलाला गणित कळतंय, ताई. त्याला पडताळ्याची सवय नाही, एवढंच. रोज चार गणितं, प्रत्येकाचा पडताळा. तुम्ही शेजारी बसलात तरी पुरे, तुम्हाला बीजगणित यायलाच हवं असं नाही.

नुसत्या सूत्राचा सल्ला मला पटत नाही. ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असं प्रश्नातच म्हटलं असेल तर सूत्र कामाला येणार नाही. शिवाय पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या गणितात आंशिक अपूर्णांक असतात, म्हणजे एक मोठा अपूर्णांक लहान अपूर्णांकांच्या बेरजेत मोडायचा; छेदाचे अवयव पाडता आले नाहीत तर तिथे गाडी पुढे सरकत नाही. सूत्र शिकू द्या, पण अवयवांच्या जोडीने.

आर्ट्सला तो स्वतःहून जातो म्हणाला तर आनंदाने पाठवा. तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही. दिसतो तो स्टार्टर खोलणारा मुलगा. डिप्लोमाला प्रवेश नाहीच मिळाला, तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि तो पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. गणित तिथेही लागतंच.

पूर्वपरीक्षा झाली की उत्तरपत्रिकेची पानं पुन्हा पाठवा.