कॉलेजची फुटबॉल टीम ‘कॉन्फरन्स बदलते’ म्हणजे नक्की काय होतं?

तुम्ही विचारलंय की मुलीला अमेरिकेत एम.एस.ला ॲडमिशन मिळालीय, तिच्या युनिव्हर्सिटीबद्दल वाचताना ‘फुटबॉल टीमने कॉन्फरन्स बदलली’ असं सारखं दिसतंय, तर हे इंग्लंडच्या लीगसारखं हरलेल्या टीमला खाली ढकलणं असतं का, आणि त्याचा तिच्या डिग्रीवर काही परिणाम होतो का.

डिग्रीचं आधी सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. काडीचाही परिणाम होत नाही. डिपार्टमेंट तेच, प्रोफेसर तेच, डिग्रीची किंमत तीच. आणि खाली ढकलणं हा प्रकार तिथे नाहीच मुळी, कितीही मॅच हरलात तरी तुमची जागा कोणी काढून घेत नाही. म्हणूनच जे झालं ते मला जास्त लागलं, कारण माझ्या युनिव्हर्सिटीची जागा गेली आणि त्याचा मैदानावरच्या हारजितीशी फारसा संबंध नव्हता.

मी 2017 ते 2019 वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत होते, पुलमन नावाच्या गावात. वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, आजूबाजूला नुसत्या गव्हाच्या टेकड्या, जूनमध्ये हिरव्या आणि ऑगस्टमध्ये सोनेरी, सिएटलहून गाडीने साडेचार-पाच तास. गाव म्हणजे युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी म्हणजे गाव. मला जाईपर्यंत अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तो अंड्यासारखा बॉल हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात इथपासून सुरुवात होती. पण शनिवारी मॅच असली की अख्खं गाव किरमिजी रंगाचं व्हायचं, आदल्या दिवसापासून सिएटलकडून झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग यायची, साठी-सत्तरीचे आजी-आजोबा गाडीची डिकी उघडून शेगडी पेटवायचे आणि ओळख ना पाळख, आम्हा चार देशी पोरींना बोलावून खायला घालायचे. घरापासून इतक्या लांब कोणीतरी ‘या, बसा, जेवलात का’ म्हणतंय हे पहिल्यांदा मला तिथे मिळालं. त्यामुळे मी हे सगळं तटस्थपणे सांगू शकत नाही, हे आधीच कबूल करते.

आता कॉन्फरन्स म्हणजे काय. एका भागातल्या आठ-दहा-बारा युनिव्हर्सिट्या एकत्र येऊन ठरवतात की आपण दरवर्षी एकमेकांशी खेळायचं, नियम एक, चॅम्पियन आपल्यातूनच निघणार आणि पैसे वाटून घ्यायचे. ही संस्था सरकारी नाही, कोणी वरून लादलेली नाही, सगळं आपापसातल्या करारावर चालतं. पश्चिम किनाऱ्यावरची ही पंगत 1915 साली बसली, पुढे नावं बदलत बदलत तिचं पॅक-12 झालं. फक्त फुटबॉलच नाही हं, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणं सगळं साधारण त्याच घराण्यात खेळायचं. शेजारी असल्यामुळे प्रवास कमी, पोरं लवकर परत येऊन लेक्चरला बसू शकायची आणि वर्षानुवर्षं तेच तेच प्रतिस्पर्धी असल्यामुळे जे काय वैर असतं ना, ते घराघरात मुरायचं. आमच्याकडे नवरा वॉशिंग्टनचा (म्हणजे सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा) आणि बायको वॉशिंग्टन स्टेटची अशी कितीतरी घरं होती. या दोन टीम 1900 सालापासून खेळतायत, आणि 1962 पासून त्या मॅचला ॲपल कप म्हणतात कारण राज्य सफरचंदांचं.

मग हे बिघडलं कधी? माझ्या मते 1984 ला. तोपर्यंत टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची, किती दाखवायच्या हे सगळं एनसीएए ही देशभरातली मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिट्यांनी कोर्टात आव्हान दिलं आणि सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे. तेव्हापासून टीव्हीचे हक्क विकायचा अधिकार युनिव्हर्सिट्यांकडे आणि पर्यायाने कॉन्फरन्सकडे आला. आता विचार करा, हक्क तुम्ही विकणार असाल तर तुमच्या गटात कोण आहे यावर भाव ठरणार ना? मोठ्या शहरातली टीम आली की त्या शहरातली लाखो घरं आली. मग शेजारी कोण यापेक्षा टीव्हीवर कोणाला किती लोक बघतात याला महत्त्व आलं.

त्यानंतर एकेक करून विटा निखळत गेल्या. आर्कान्सा साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडून एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये गेलं, 1992 च्या सीझनला एसईसीने बारा टीम झाल्यावर स्वतःची फायनल सुरू केली आणि त्यात किती पैसा आहे हे सगळ्यांना दिसलं. साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 ला बंदच पडली, टेक्सासमधल्या चार टीम बिग एट या कॉन्फरन्समध्ये जाऊन बिग 12 ही नवी कॉन्फरन्स तयार झाली. 2011 ला नेब्रास्का बिग टेन या आणखी एका मोठ्या कॉन्फरन्समध्ये, 2012 ला टेक्सास ए अँड एम एसईसीत. आणि त्या टेक्सास ए अँड एमचं टेक्सास युनिव्हर्सिटीशी असलेलं शंभर वर्षांहून जुनं वैर, थँक्सगिव्हिंगच्या आसपासची ती मॅच, 2011 नंतर बंदच झाली, पार 2024 पर्यंत, जेव्हा टेक्सास स्वतःच एसईसीत आलं. तेरा वर्षं. त्या काळात शिकून बाहेर पडलेल्या पोरांना ती मॅच विद्यार्थी म्हणून बघायलाच मिळाली नाही, हे मला फार वाईट वाटतं. आणि टेक्सास-ओक्लाहोमा बिग 12 सोडून एसईसीत जाताना ओक्लाहोमा स्टेट मागे राहिलं, ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटची आपसातली बेडलम मॅच 2023 ला शेवटची झाली, ओक्लाहोमा स्टेटने 27-24 अशी जिंकली, पुढची कधी ते ठरलेलं नाही.

बरं, निघून जाणं इतकं सोपं असतं का? नसतं. कॉन्फरन्समधल्या सगळ्यांनी आपल्या मॅचचे टीव्ही हक्क ठराविक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावावर लिहून दिलेले असतात, म्हणजे तुम्ही गेलात तरी हक्क मागे राहतात. टेक्सास आणि ओक्लाहोमाला बिग 12 मधून एक वर्ष लवकर सुटायला दोघांत मिळून 10 कोटी डॉलर सोडावे लागले. एसीसी या कॉन्फरन्समध्ये हे हक्क 2036 पर्यंत बांधलेत म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले होते. पॅक-12 चं दुर्दैव असं की त्यांचा टीव्ही करार आणि हे बंधन दोन्ही 2024 च्या उन्हाळ्यात संपत होतं. दार उघडंच होतं.

30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसच्या दोन्ही टीमनी जाहीर केलं की आम्ही बिग टेनमध्ये चाललो. लॉस एंजेलिस गेलं म्हणजे पॅक-12 चं सगळ्यात मोठं मार्केट गेलं. तिकडे बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला. इकडे पॅक-12 करार शोधत राहिलं, महिन्यामागून महिने गेले. तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं की ईएसपीएन हे खेळाचं चॅनल एका युनिव्हर्सिटीमागे वर्षाला 3 कोटी डॉलर द्यायला तयार होतं, पण कुलगुरूंनी 5 कोटी मागितले आणि बोलणी तिथेच मोडली. तेलही गेलं तूपही गेलं असंच झालं, कारण दरम्यान बिग 12 ने पटकन आपला करार उरकून घेतला आणि टीव्हीवाल्यांचे पैसे तिकडे लागले. शेवटी 2023 च्या ऑगस्टमध्ये ॲपलची एक स्ट्रीमिंगची ऑफर समोर आली, सबस्क्रायबर वाढले तर पैसे वाढणार अशी, टीव्हीवर नाही फक्त ॲपवर.

4 ऑगस्ट 2023, शुक्रवार. त्या सकाळी सगळे जण सही करणार असं वाटत होतं. मी तोवर पुण्याला परत आले होते, इथे रात्र होती, आमच्या पुलमनच्या रूममेट्सचा ग्रुप आहे त्यावर मेसेजवर मेसेज पडत होते. आधी कळलं ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये चाललेत, मग ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग 12 मध्ये. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलं होतं. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल म्हणजे बर्कलीची युनिव्हर्सिटी एसीसीत गेले, पहिली सात वर्षं कमी वाटा घेऊन. आणि एसीसीचं पूर्ण नाव अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स आहे बघा, आणि बर्कली आहे पॅसिफिकच्या बाजूला. बारापैकी दहा गेले. उरले दोघं, कॉर्व्हॅलिसचं ओरेगॉन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावं, दोन्ही मूळची शेतकी कॉलेजं, दोन्हीकडे मोठं टीव्ही मार्केट नाही.

आणि हे असं नव्हतं हो की आम्हाला कोणी बघत नव्हतं किंवा आम्ही कोणाला हरवत नव्हतो. ईएसपीएनचा कॉलेज गेमडे नावाचा शनिवार सकाळचा कार्यक्रम असतो, दर आठवड्याला वेगळ्या कॅम्पसवरून. 2003 पासून तो कुठेही असो, आमच्या युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी ‘ओल क्रिम्सन’ हा आमचा झेंडा तिथे गर्दीत उंच काठीवर फडकवत ठेवतात, एकही आठवडा न चुकता. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या गावात झेंडा फडकवल्यावर ऑक्टोबर 2018 ला तो कार्यक्रम पहिल्यांदा पुलमनला आला. आम्ही पहाटे अंधारात थंडीने कुडकुडत जाऊन उभ्या राहिलो होतो, शेजारी रडणारे पन्नाशीचे लोक बघितलेत मी. त्या दिवशी ओरेगॉनला 34-20 असं हरवलं. त्या सीझनला 11 मॅच जिंकल्या. पाच वर्षांनी तेच ओरेगॉन बिग टेनमध्ये आणि आम्ही बाहेर.

उरलेल्या दोघांनी एक गोष्ट मात्र खमकेपणाने केली. जाणारे दहा जण कॉन्फरन्सच्या बोर्डावर बसून तिजोरीचा निर्णय घेणार हे त्यांनी चालू दिलं नाही, पुलमन ज्या व्हिटमन काउंटीत आहे तिथल्या कोर्टात गेले आणि नोव्हेंबर 2023 ला जजने बोर्डाचा ताबा या दोघांना दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. त्यामुळे नाव वाचलं, थोडे पैसे वाचले. 2024 आणि 2025 दोन टीमची कॉन्फरन्स म्हणून काढली, 2025 ला तर एकाच सीझनमध्ये एकमेकांशी दोनदा खेळले. 2026 पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन पॅक-12 पुन्हा उभं राहतंय.

पण मधल्या काळात जे गेलं ते गेलंच. आता खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमधून सहज दुसरीकडे जाता येतं आणि 2021 पासून जाहिरातींचे पैसेही घेता येतात, त्यामुळे टीव्हीचा पैसा कमी झाला की चांगली पोरं टिकत नाहीत. कॅम वॉर्ड आमच्याकडे दोन सीझन खेळून मायामीला गेला आणि 2025 च्या एनएफएल (व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात आधी निवडला गेला. जॉन मटीअर 2024 नंतर ओक्लाहोमाला गेला, कोच जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. त्यांना दोष नाही देत मी, ते त्यांचं करिअर आहे. मला जास्त टोचतं ते फुटबॉलबाहेरचं. 2025 मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले, लांब पल्ल्याच्या धावण्यावरच भर ठेवला. भाला फेकणाऱ्या मुलीचा टीव्ही कराराशी काय संबंध होता सांगा. आणि ज्यांना मोठी कॉन्फरन्स मिळाली त्यांच्या व्हॉलीबॉलच्या, सॉफ्टबॉलच्या मुली आता लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्सला जातात, जवळपास 4,000 किलोमीटर, तीन तासांचा वेळेचा फरक आणि परत येऊन परीक्षा. फुटबॉलवाले सीझनमध्ये मोजक्याच वेळा लांब जातात, या मुली आठवड्याच्या मधल्या दिवशीसुद्धा.

सगळंच वाईट झालं असं म्हणणार नाही. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा न घेण्याच्या अटीवर एसीसीत जागा मिळवली आणि पहिल्याच वर्षी, 2024 ला, देशाचा चॅम्पियन ठरवणारा प्लेऑफ गाठला. 1987 ला त्यांचा अख्खा सीझन शिक्षा म्हणून रद्द झाला होता, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल.

ॲपल कप वाचला हेही चांगलं झालं, दोघांनी 2028 पर्यंतचा वेगळा करार केलाय. आता ती मॅच थँक्सगिव्हिंगच्या बर्फात नाही, सप्टेंबरच्या उन्हात होते. 2024 ला सिएटलमध्ये शेवटच्या मिनिटाला वॉशिंग्टन गोलरेषेपासून एका यार्डावर होतं, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, पोचले असते तर जिंकले असते, आमच्या पोरांनी अडवलं, 24-19. पुण्यात रात्रीचे चार वाजून गेले होते, मी मोबाईलवर स्कोअर बघत किचनमध्ये उभी होते आणि इतक्या जोरात ओरडले की आई उठून बाहेर आली.

तुमच्या मुलीसाठी एवढंच, पहिल्या सेमिस्टरला फुटबॉलचा स्टुडंट पास मिळत असेल तर घ्यायला सांगा, अभ्यासाचा एक शनिवार गेला तरी चालेल. नियम कोणीही शेजारचा समजावून सांगतो, त्यांना आवडतं सांगायला. आणि तिची युनिव्हर्सिटी फी भरताना ‘ॲथलेटिक फी’ वेगळी घेते का ते बिलावर बघा, काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. युनिव्हर्सिटीचं नाव कळवलंत तर ती आता कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे, आधी कुठे होती आणि तिची जुनी खुन्नस कोणाशी आहे ते मी सांगते.