सिग्नलचं ई-चलान आलंय? आधी फोटो बघ

घाबरून लगेच पैसे भरू नकोस. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर चलानाचा फोटो मोठा करून बघ: नंबरप्लेट तुझ्याच गाडीची आहे का, दिवा लाल दिसतोय का, गाडी स्टॉप लाइनच्या पुढे आहे का. नंबर चुकीचा वाचला असेल तर तिथेच तक्रार नोंदव, आरसी आणि गाडीचा फोटो जोड. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला पुढे सरकला असशील तर तसं लिही. डॅशकॅमचं चित्रण असेल तर सोन्याहून पिवळं.

खरंच सिग्नल तोडला असेल तर मात्र दंड भरून मोकळा हो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून हा गुन्हा कलम १८४ मध्ये, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतो. त्यात कैदेचीही तरतूद आहे, लायसन्सवरही गदा येऊ शकते.

आणि व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल (फोनवर ॲप टाकणारी फाइल) आली तर ती अजिबात उघडू नकोस, बँक खातं रिकामं होऊ शकतं.