आधी बाबांच्या गावची बोली

प्रिय पोरी,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. नायजेरियन की भारतीय, पोर्ट हारकोर्टची तुझी मैत्रीण स्वतःला बाबांसारखं इग्बो, म्हणजे नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो भाषकांपैकी, का म्हणवत नाही, नाताळात गावी गेल्यावर लोक हसतील का, असे बरेच प्रश्न त्यात आहेत. त्यांच्याकडे येऊ. पण एक वाक्य आधी खोडून टाक. "बाबा आणि आत्या फोनवर बिघडलेलं इग्बो बोलतात, ॲपमधल्याशी ते जुळतच नाही," असं तू लिहिलं आहेस. 'बिघडलेलं' हा शब्द पुन्हा वापरू नकोस. आईच्या मालवणीला कुणी पुण्यात अशुद्ध मराठी म्हटलं की तू चिडतेस. मग बाबांच्या वाट्याला हा न्याय का नाही?

ॲपमधलं इग्बो आलं कुठून ते बघ. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी सिएरा लिओनमध्ये स्थायिक झालेल्या मुक्त गुलामांच्या बोलण्यावरून 'इसुआमा इग्बो' लिहायला घेतलं. प्रत्यक्ष इग्बो मुलखात ते चाललं नाही. मग आर्चडीकन डेनिस यांनी ओनिचा, ओवेरी, उन्वाना, अरोचुक्वू आणि बॉनी इथल्या बोली एकत्र करून 'युनियन इग्बो' रचलं आणि 1913 साली त्यात बायबल छापलं. चर्चमध्ये ते रुळलं, पण एकाही घरात त्यात भांडण झालं नसेल. 1929 पासून कुठली अक्षरं वापरायची यावर प्रॉटेस्टंट एकीकडे, कॅथलिक आणि सरकार दुसरीकडे, असा तीस वर्षांहून जास्त वाद चालला. तो 1961 मध्ये डॉ. ओन्वू यांच्या समितीने मिटवला. आजची 36 अक्षरांची रोमन वर्णमाला तीच. दरम्यान भाषाशास्त्रज्ञ आयडा वॉर्ड यांनी बोलींचा अभ्यास करून 1941 मध्ये 'मध्य इग्बो'चा पर्याय मांडला, ओवेरी आणि उमुआहिया भागाच्या बोलण्यावर आधारलेला. पुढे ओगबालू यांनी इग्बो भाषेसाठी 1949 साली स्थापलेल्या संस्थेच्या समितीने 1970च्या दशकात वेगवेगळ्या बोलींतून शब्द घेत प्रमाण भाषेला आकार दिला. तिला 'इग्बो इझुग्बे' म्हणतात, तुझ्या ॲपमध्ये तीच आहे.

तुझ्या बाबांचं गाव ओवेरीपासून जवळ. म्हणजे ज्या बोलण्याला तू बिघडलेलं म्हणतेस, त्याच पट्ट्यातल्या बोलण्यावर प्रमाण इग्बो बरंचसं उभं आहे. उभारताना त्यातले महाप्राण आणि अनुनासिक तेवढे गाळले गेले. ओवेरीकडे ओठांचा 'प' आणि 'फ', तसंच 'ब' आणि 'भ' वेगळे आहेत, त्यांनी अर्थ बदलतो. 1961च्या 36 अक्षरांत या महाप्राणांना जागाच नाही. त्यामुळे आत्या 'भ' म्हणते तेव्हा ॲपला तो 'ब'च वाटतो, आणि तू ॲपवर विश्वास ठेवून आत्याला चूक ठरवतेस.

म्हणून सांगतो, आधी गावची बोली, मग इझुग्बे. हा क्रम उलटा केलास तर इझुग्बे येईल, पण आत्याशी बोलता येणार नाही. मला लोक प्रमाणभाषेचा शत्रू म्हणतात, म्हणोत बापडे. शाळेचं पुस्तक, परीक्षा, बातम्या यांना एक ठरलेलं रूप लागतं हे मलाही कळतं. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांना युनियन इग्बोचा मनस्वी राग होता. 1999 साली ओवेरीत 'ओडेनिग्बो' हे इग्बो भाषेतलं व्याख्यान देताना ते प्रमाण इग्बोत न बोलता आपल्या भागाच्या बोलीत बोलले, आणि त्यावर वादही झाला. मला त्यांचं अर्धं पटतं. इझुग्बे हवं, पण ते दुसरं. पहिलं नव्हे.

आता कामाचं बोलू. सुरुवात शब्दकोशापासून करू नकोस. के विल्यमसन यांचा 1972चा कोश उत्तम आहे, पण तो ओनिचा बोलीवर आधारलेला. तिकडे घराला 'उनो', नावाला 'आफा', वस्तूला 'इफे', शरीराला 'आरू'. प्रमाणात तेच 'उलो', 'आहा', 'इहे', 'आहू'. 'मला माहीत नाही' हे प्रमाणात 'अमाघी म', ओनिचाकडे 'अमारो म'. चार दिवसांच्या बाजाराच्या आठवड्यातला एक वारसुद्धा इथे 'ओरिए' तर तिथे 'ओये'. कोश आधी उघडलास तर आत्याच्या तोंडून तुला कोशातलेच शब्द ऐकू यायला लागतील. कान आधी, कोश नंतर.

पहिली नोंद गावाची कर. नुसतं 'इमो राज्य' नको. गाव, गावातली वाडी, शिवाय आजीचं माहेर. लग्न गावाबाहेर करायची रीत असल्याने आजी दुसऱ्या गावातून आलेली असणार, आणि मुलं बोलायला शिकतात आईजवळ. बाबांचा एखादा शब्द शेजाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला तर तो चुकीचा नसून बहुधा आजीच्या माहेरचा असतो. ही नोंद नसली की वर्षभराने सगळं गोंधळतं, आणि मग लोक 'बोलीत काही नियमच नाहीत' असं बोलून मोकळे होतात.

ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर अजिबात नको. फोनवरचा कॉल तर त्याहून वाईट. आवाज दाबला जातो आणि नेमके महाप्राण आणि अनुनासिकच पुसट होतात, म्हणजे तुला जे हवं तेच जातं. आत्याच्या फोनवर साधं रेकॉर्डर ॲप टाकून घे, त्यात 'वेव्ह' फाईल, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट निवड. मोनोत (एकाच चॅनलवर) एका मिनिटाला साधारण 5 एमबी लागतात. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरायचा, नाहीतर 'प' आणि 'फ'चा वारा थेट माइकवर आदळतो. फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आत्याने तारीख, गाव आणि 'रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही' एवढं आपल्याच बोलीत म्हणायचं.

शंभर शब्दांची यादी पुरे. अवयव, पाणी, आग, घरातली माणसं, आकडे, खाणं, रोजची क्रियापदं. यादी सरळ वाचून घेऊ नकोस. यादी वाचताना कुठल्याही माणसाचा आवाज शेवटच्या शब्दावर खाली येतो, आणि इग्बोत तर आवाजाच्या उंचीवर अर्थ ठरतो. प्रत्येक शब्द एकाच ठरलेल्या वाक्यात बसवून तीनदा म्हणवून घे, 'ती अमुक म्हणाली' अशा धर्तीचं वाक्य, आत्याच्याच बोलीतलं. आजूबाजूचे सूर कायम राहिले की मधल्याची उंची कळते. तरी शंका राहिली तर तोच शब्द शीळ घालून म्हणायला सांग. आत्या हसेल, पण सूर स्वच्छ मिळेल. नात्याचे शब्द 'अंकल', 'कझिन' असे विचारू नकोस, उत्तरही इंग्रजीच येईल. 'बाबांच्या आईचा भाऊ' असं विचार.

सूर लिहायची सोपी पद्धत अशी: उंच सूर कोरा ठेवायचा, खालच्या सुरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ, आणि उंच सूर एक पायरी उतरला तर आडवी रेघ. नवशिका ही पायरी हमखास 'खालचा सूर' म्हणून लिहितो. ओळखायची खूण म्हणजे पुढचा उंच सूर. आधीचा खरोखर खालचा असेल तर पुढचा परत वर चढतो. पायरी असेल तर पुढचा त्याच उतरलेल्या पातळीवर राहतो.

अक्षरांखालची टिंबं टाळू नकोस. फोनवर सगळे टाळतात, तू टाळू नकोस. आठ स्वरांचे दोन गट आहेत, आणि साध्या शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर येतात. टिंबवाला 'उ' घातला तर 'झु' म्हणजे विकत घेणं, टिंब गेलं की तोच 'झु' चोरी करणं. बाजारातून काय आणलंस हे आत्याला लिहून कळवताना एवढं जपलेलं बरं. आपल्या मराठी कानाला टिंबवाला 'इ' बऱ्याचदा 'ए'सारखा आणि टिंबवाला 'उ' 'ओ'सारखा ऐकू येतो, तिथे गटाचा नियम वापर. शब्दात दोन्ही गटांचे स्वर दिसले तर एकतर तू चुकीचं ऐकलंस, नाहीतर तो जोडशब्द किंवा उसना शब्द आहे. आणखी एक: टिंब आणि सुराची रेघ एकाच अक्षरावर आली की संगणक ते दोन-तीन प्रकारे साठवतो, आणि मग डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधला तरी सापडत नाही. पहिल्या दिवसापासून एकच कीबोर्ड वापर.

इथे तुला एक फायदा आहे, तो सोडू नकोस. ओन्वू वर्णमालेत न मावणारं बरंच काही देवनागरीत मावतं. वहीत दुसरा रकाना आखून महाप्राण देवनागरीत लिही, अनुनासिकाला चंद्रबिंदू दे. ओवेरीकडचा 'ग्ब' श्वास आत ओढल्यासारखा येतो, तसा ध्वनी सिंधीत आहे आणि त्यासाठी देवनागरीत 'ॿ' हे अक्षरही आहे. पण हा रकाना फक्त तुझ्या कानासाठी. गावात देवनागरी कुणी वाचत नाही, मुख्य रकाना ओन्वू अक्षरांचाच.

आता तुझे मोठे प्रश्न. मैत्रिणीशी वाद घालू नकोस. ती इक्वेरे आहे, पोर्ट हारकोर्टच्या आसपासच्या समाजातली. तिच्या भागातल्या बऱ्याच गावांची नावं 'रुमु'ने सुरू होतात, रुमुओकोरो, रुमुओला. इग्बोत तिथे 'उमु' येतं, म्हणून इग्बो पोरं लगेच 'बघ, तुम्ही आमचेच' म्हणतात. मे 1967 मध्ये पोर्ट हारकोर्टचं रिव्हर्स राज्य वेगळं झालं, त्याच महिन्यात इग्बोबहुल पूर्वेने बियाफ्रा हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केलं, मग जानेवारी 1970 पर्यंत युद्ध. त्यानंतर कोण स्वतःला काय म्हणवतं, हे फक्त व्याकरणाने ठरत नाही. भाषा अभ्यासणारे या सगळ्या कुळाला 'इग्बॉइड' म्हणतात, पण ते कूळ भाषांचं आहे, माणसांचं नव्हे. तुझ्या आईकडेच बघ. मालवणातला माणूस स्वतःला बिनदिक्कत मराठी म्हणवतो, आणि भारताच्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजतात. त्याचं काय अडलं? वहीत एक रकाना ठेव, 'बोलणारा आपल्या भाषेला काय म्हणतो'. त्यात तो सांगेल तेच लिही.

युद्धाबद्दल वडीलधाऱ्यांना तू होऊन विचारू नकोस. आपणहून बोलले तर ऐक, आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर नंतर ठेवू की पुसू हे विचार.

राष्ट्राचं म्हणशील तर नायजेरियात पाचशेहून जास्त भाषा आहेत आणि कारभार इंग्रजीत चालतो. संविधानाच्या 55व्या कलमात संसदेसाठी इंग्रजीसोबत हौसा, इग्बो आणि योरुबाचं नाव आहे, पण 'पुरेशी व्यवस्था झाल्यावर' या अटीसह. नोटांवर रक्कम या तिन्ही भाषांत छापतात. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायचं धोरण 2022 मध्ये मंजूर झालं आणि 2025 मध्ये मागेही घेतलं गेलं. या घडामोडींवर तुझी ओळख टांगून ठेवणार असशील तर बैस वाट बघत. पासपोर्ट कुठला आणि मी कोण यावर रात्ररात्र जागण्यापेक्षा तेवढ्या वेळात वीस शब्द होतात. कडू वाटेल, पण आधी गावची बोली. अभिमान वगैरे त्यानंतरचा. सिंहाच्या तोंडांचा छापील सदरा आणि 'इग्बो क्वेनू'ची आरोळी कुणालाही जमते.

नाताळात म्हणायला कोला (पाहुण्यांपुढे मानाने ठेवतात ते कोला झाडाचं बी) फोडतानाची प्रार्थना व्हिडिओवरून पाठ करते आहेस असं लिहिलंस. थांबव ते. कोलाला इंग्रजी कळत नाही असं तिकडे म्हणतात. त्याला यूट्यूबही कळत नाही, असं मी म्हणेन. प्रार्थना घरातला ज्येष्ठ पुरुष म्हणतो, कोला फोडण्याचा मानही सहसा पुरुषांकडेच असतो. ते तुला खटकेल, खटकू दे, पण पहिल्याच भेटीत भांडू नकोस. तुझं काम प्रत्येक ओळीनंतर सर्वांबरोबर 'इसे' (तथास्तु) म्हणायचं आणि कान उघडे ठेवायचं. 'जो कोला आणतो तो आयुष्य आणतो' ही ओळ जवळजवळ सगळीकडे असते, पुढचं प्रत्येक गावाचं आपलं. काकांची परवानगी असेल तरच रेकॉर्ड कर, आणि परवानगी असली तरी ते इंटरनेटवर टाकू नकोस. त्यात पूर्वजांची नावं असतात.

आभार मानायला 'दालू' की 'इमेला', हे आत्यालाच विचार, मला नको. आणि ध्वनिमुद्रणाची वेळ ठरवताना शेजारचा जनरेटर कधी बंद असतो तेही विचारून घे, पंखा बंद ठेवायला सांग. पहिल्या वीस शब्दांची फाईल आली की मला पाठव, सोबत आजीच्या माहेरचं नाव. ते नसेल तर फाईल उघडणार नाही.

तुझा,
सर